खिडकीपाशी लागलेली भूक

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची. हे दोन पिशव्या घेऊन पुढे, मी कठडा धरून मागे. अकराच पायऱ्या, पण तीनदा थांबले. वर येऊन खोली बघितली आणि जीव हरखला. दोन खाटा, दोन कपाटं, एक मोठी खिडकी आणि तिला हातभर रुंद कट्टा. ऊन थेट अंथरुणावर. खाट अशी भक्कम की हत्तीण बाळंत झाली तरी करकरायची नाही. आणि खुर्च्यांना हातच नाहीत! किती वर्षांनी मी खुर्ची आधी दाबून न बघता तिच्यावर बसले. ह्यांना म्हटलं, इथल्या सुतारानं आमच्यासारख्यांचं दुःख जाणलंय.

वजन कमी करायच्या ऑपरेशनवाल्यांचं हे विश्रामघर. दवाखाना याच आवारात, पलीकडे. आधी आठ दिवस इथं राहून नुसतं पातळ प्यायचं, आणि ऑपरेशन झालं की तीन आठवडे पुन्हा इथंच. खाली स्वयंपाकघर आहे. तिथल्या मावशी स्वयंपाकही करतात आणि आमची देखभालही. बोलतात कमी, पण वाटी आपटून ठेवण्यात सगळं येतं.

शेजारच्या खाटेवर शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या बाई आहेत. वजन एकशे चार. ऑपरेशन माझ्याच दिवशी. म्हणाल्या, तीस वर्षं पोरांना पळवलं आणि स्वतः शिट्टी वाजवत उभी राहिले, त्याची ही फळं. मी इतकी हसले की ठसका लागला.

आहारवाल्या बाईंनी प्रत्येकीला वही दिली. घोटन्‌घोट लिहायचा, मोजून. बाकीच्या कुरकुरल्या. मला काय, मॅट्रिक झाल्यापासून घरचा जमाखर्च मीच लिहिते, एक दिवस खाडा नाही. पीटीच्या बाईंनी लगेच मला ‘हिशेबनीस’ करून टाकलं. उरलेल्या जागेत मनातलं लिहीन. कोरा कागद कशाला वाया घालवायचा?

देवाचा छोटा फोटो कपाटात मांडला. जपमाळ उशीखाली.

वजन ११८ किलो ४०० ग्रॅम.

बुधवार, ६ मार्च

पातळाचा तिसरा दिवस. डोकं धरलंय. पोटात कावळे ओरडतात म्हणतात, माझ्या पोटात कावळ्यांची शाळा भरली आहे, आणि पीटीच्या बाई असूनही सुटत नाही.

कागदावर सही अजून केलेली नाही. डॉक्टर म्हणाले शनिवारपर्यंत सांगा. हे म्हणतात, शरीर तुझं, तू ठरव. एरवी भाजी कोणती करू विचारलं तर दहा मतं, आणि जिथं एक मत हवं तिथं मौनव्रत.

आहारवाल्या बाईंनी विचारलं, वजन कशानं वाढलं? गोडानं? नाही. तळलेल्यानं? तेही नाही. मग खरं सांगितलं. उरलेल्यानं. एकोणतीस वर्षं घरात ज्यानं ज्यानं पानात टाकलं ते मी संपवलं. सासऱ्यांचं, ह्यांचं, लेकीचं, आल्यागेल्याचं. आई म्हणायची, टाकलेलं अन्न रडतं. लहानपणी मी मोरीच्या भोकाला कान लावून बसायचे. पोट भरलं म्हणून मी कधी हात थांबवला नाही, भांडं रिकामं झालं की थांबवला. नणंद चारचौघांत म्हणते, वहिनीकडे कचऱ्याचा डबाच लागत नाही. सगळे हसतात. मीही हसते.

आहारवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

शनिवार, ९ मार्च

सही केली.

न करून सांगते कोणाला? साखर तीनशेच्या घरात. जानेवारीत न्हाणीघरात पडले तर उचलायला चार माणसं लागली, त्यातला एक पोस्टमन. पण खरं कारण लेक. लग्नाला सात वर्षं झाली, दोन वेळा हातातोंडाशी येऊन गेलं, आता नववा लागलाय. दोन महिने माझ्याकडे राहणार म्हणते. आणि मला मांडीच नाही! बसले की पोट गुडघ्यापर्यंत येतं. नणंदेच्या नातवाला घेतलं होतं तर तो घसरगुंडीवरून जावा तसा खाली गेला. नणंद म्हणाली, राहू दे वहिनी, तुझं पोटच मोठं बाळ आहे.

डॉक्टर समजावून सांगणारे आहेत. कागदावर जठर काढलं, पिशवीसारखं, आणि त्याच्या चार वाट्यांतले तीन पेनानं खोडून टाकले. उरेल ते केळ्याएवढं. म्हणाले, कापतो तोच भाग भुकेचा निरोप पाठवतो, त्यामुळे भूकही बरीचशी जाईल. मी विचारलं, कापलेल्याचं काय करता? ते हसले. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं म्हणे. जाळतात. मग मी विचारलं, तेव्हा ते भरलेलं असतं का? म्हणाले, छे काकू, उपाशीपोटीच काढतो.

तेवढं एक मनाला लागलं. बावन्न वर्षं राबलं बिचारं, जे कुणाला नको ते मुकाट्यानं घेतलं, आणि निघायच्या दिवशी उपाशी. दारातून भिकाऱ्यालासुद्धा मी तसं पाठवलेलं नाही.

गुरुवार, १४ मार्च

मंगळवारी झालं. आज खोलीत परत आणलं. पोटावर पाच छोटी भोकं, दुखतंय, पण सोसवेल इतकंच. काल दवाखान्यात चालवलं. पीटीच्या बाई पुढे, मी मागे, दोघींच्या हातात सलाइनच्या काठ्या. त्या म्हणाल्या, डावा उजवा डावा.

आणि भूक नाही! अजिबात नाही. घरभर पाहुणे असावेत आणि एका सकाळी सगळे गेलेले असावेत, तशी आत शांतता. स्वतःचा श्वास ऐकू येतो. मी देवापुढे रडले.

पाणी ३० मिली, दर अर्ध्या तासानं.

शनिवार, १६ मार्च

मावशींची पळी एकच, ती शंभर मिलीची. सूप तिनंच वाढणार. मी घेऊ शकते तीस. त्यांना म्हटलं, मावशी, तिसरा हिस्साच द्या. तर म्हणाल्या, माप म्हणजे माप, उरलं तर ओता मोरीत, सगळ्या ओततात. पीटीच्या बाईंनी ओतलं. तो आवाज मला ऐकवेना.

मी संपवू शकत नाही आणि ओतू शकत नाही. जन्मात पहिल्यांदा अशी अडचण. शेवटी वाटीवर बशी झाकून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. ठेवताना मनात आलं ते तोंडानंही म्हटलं, की ज्याला उपाशी घालवलं त्याच्या नावानं.

दुपारी चारला वाटी घासायला घेतली तर रिकामी. बशी तशीच झाकलेली. मावशींनीच ओतलं असेल. पण मनाला बरं वाटलं. जेवायला घालून हात धुतल्यासारखं.

घेतले ३०. ठेवले ७०.

सोमवार, १८ मार्च

सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही वेळा ठेवते. तिन्ही वेळा वाटी साफ. पुसलेलीही नाही, कोरडी. कपाटातून नुकती काढल्यासारखी. मावशी म्हणतात मी हातही लावला नाही, जिना चढून तुमची वाटी ओतायला मला हौस आहे का. पीटीच्या बाई शपथ घेतात. म्हणाल्या, मला माझंच जात नाही, तुमचं कुठे घालू? मग स्वतःची वाटीही कट्ट्यावर ठेवून म्हणाल्या, हे घ्या, तुमच्या पाहुण्याला माझ्याकडून.

तीही रिकामी झाली.

मांजर असेल, असं ठरलं. बशी उचलून पुन्हा झाकणारं मांजर.

आता वहीत दोन रकाने आखलेत. एक घेतल्याचा, एक ठेवल्याचा. बेरीज शंभर यायला हवी आणि येते. हिशेब जुळतो म्हटल्यावर काळजी कसली?

बुधवार, २० मार्च

आहारवाल्या बाईंनी रकाना बघितला आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, उघडं अन्न खोलीत ठेवायचं नाही, आजपासून बंद. बरोबर आहे त्यांचं. सकाळची वाटी डोळे मिटून मोरीत ओतली.

दुपारी भूक लागली.

हे नीट लिहायला हवं. मला भूक लागली, पण माझ्या पोटात नाही. खिडकीपाशी लागली. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे हे जसं कळतं, तशी मला माझी भूक कट्ट्यावर बसलेली कळत होती. आत शांत, आणि तिकडे खवळलेली. मी उठून कट्ट्यापर्यंत गेले. जवळ गेले तशी वाढली. हात पुढे केला तर तो गरम झाला. चुलीवर धरावा तसा.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा सांगितलं. ते घाबरले नाहीत. म्हणाले, पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाला खाज येते, तसंच हे, मेंदूला अजून पत्ता नाही. पीटीच्या बाई म्हणाल्या, हिशेबनीस, तुमचे कावळे उडून खिडकीत बसलेत. हसलो.

पण संध्याकाळी ती कट्ट्यावर नव्हती. दारापाशी होती.

शुक्रवार, २२ मार्च

मुलगी झाली! पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. तीन किलोला थोडी कमी. दोघी सुखरूप. ह्यांनी फोनवर तीनदा तेच सांगितलं. मी अकराशे जप केला. मावशींनी पहिल्यांदा वाटी न आपटता ठेवली.

आनंदाच्या दिवशी नको ते लिहायला नको, पण लिहायचं ठरलंय. काल स्वयंपाकघरातलं पातेलंभर सूप गेलं. बारा जणींचं. झाकण जागच्या जागी. मावशी थेट माझ्याकडे आल्या. बोट माझ्याकडेच, कारण खिडकीत वाट्या मांडणारी मी. वजन केलं. सहाशे ग्रॅम कमीच भरले. पातेलंभर प्यायले असते तर टाके उसवून मेले असते, हे डॉक्टरांनीच मावशींना सांगितलं.

मी मात्र सांगू शकत होते. सूप गेलं त्या वेळी ती खाली होती. जिन्याच्या उजव्या हाताला, जमिनीपासून गुडघाभर उंच. आणि मग एकाएकी निवली. मला ढेकर आला.

आजपासून स्वयंपाकघराला कुलूप.

शनिवार, २३ मार्च

ती वर आली आहे. कुलपामुळे.

दोन वाट्या लपवून ठेवल्या कट्ट्यावर. माझीच चूक, पायंडा मी पाडला. वाट्या तशाच राहिल्या. सुपावर साय धरली. आता तिला ते नको.

दुपारभर ती पीटीच्या बाईंच्या खाटेच्या पायथ्याशी. बाई झोपलेल्या, एक हात खाटेबाहेर. गुबगुबीत हात. मी बघत होते आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

मी तोंड धुऊन आले. पुन्हा सुटलं.

सोमवार, २५ मार्च

पीटीच्या बाईंचं वजन परवा शहाण्णव. काल नव्वद. आज सकाळी त्र्याऐंशी. त्या म्हणाल्या, हिशेबनीस, हरलात, मी पहिली. हसताना गालाची कातडी हलली, आत काही नसल्यासारखी. अंगठी बोटातून निसटून खाटेखाली गेली. बसल्या बसल्या.

दवाखान्यातल्यांनी काटा बदलला. दुसरा काटाही तेच सांगतो.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. वाटी, नाव घेऊन ठेवलेलं, सगळं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. गोळी लिहून दिली. झोपेची.

बाईंना म्हटलं, घरी जा, आज जा. त्या म्हणाल्या, वा, मी जिंकायला लागले तर तुम्ही मैदान सोडायला सांगता? मग हळूच म्हणाल्या, पायाशी कोणीतरी बसतं का हो दुपारचं?

मंगळवार, २६ मार्च

बाईंना नेलं. मावशींनी एकटीनं उचललं. एका हातानं. दुसऱ्या हातात बाईंची पिशवी होती. पिशवी जड वाटत होती.

माझं पोट — नाही. ती. ती तृप्त. खाटेखाली. माझ्याच खाटेखाली. दिवसभर हलली नाही.

जप करते. ती ऐकते. जप संपायची वाट बघते.

बुधवार, २७ मार्च

बाईंबद्दल कोणी बोलत नाही. गादी गुंडाळून ठेवली.

दुपारी ह्यांनी फोनवर फोटो पाठवला. बाळ झोपलेलं, मूठ गालाशी. इतके केस! लेकीसारखं नाक. मी फोन जवळ धरला.

मागून गरम झालं. मानेपाशी. तीही बघत होती. माझ्या खांद्यावरून.

आणि माझ्या तोंडाला —

फोन उलटा ठेवला. बसून राहिले.

लगेच ह्यांना फोन केला. म्हटलं, बाळाला इकडे आणायचं नाही. मी घरी येणार नाही. मी जिथं जाईन तिथं ती येईल, माझीच आहे ना. लेकीला सासरी ठेवा. लेकीनं फोन घेतला. म्हणाली, आई, मुलगी झाली म्हणून का गं? रडली. काय सांगू तिला? म्हटलं, तुझ्या पाया पडते, आणू नकोस. मग हे. त्यांचं म्हणणं, अन्न नाही पोटात, तुझं डोकं फिरलंय. नातीचं तोंड बघितलंस की ताळ्यावर येशील.

तीन वेळा नको म्हटलं. फोन ठेवला त्यांनी.

खाटेखाली आता कोणी नाही. दारात आहे. जिन्याकडे तोंड करून.

गुरुवार, २८ मार्च

घेतले ०. सकाळपासून ०. काही उतरत नाही.

अकरा वाजले. गाडी आली. खिडकीतून दिसते. हे उतरले. लेक. छातीशी पांढऱ्या कापडात —

ओरडले. काच बंद. लेकीनं हात हलवला.

ती जिन्यावर. वरून चौथी पायरी. पाचवी. खवळलेली. इतकी कधीच नव्हती.

माझी आहे. माझीच. मग मीच —

बोलावलं. मोठ्यानं. म्हटलं, ये. परत ये. चुकले मी, उपाशी घालवायला नको होतं. माझ्यात ये. आत जागा नाही, तरी ये. फाटले तर फाटू दे.

थांबली. सातव्या पायरीवर.

वळली.

आली. देवा, आली. टाके तटतटले, डोळ्यांपुढे अंधार. पण आली. जिना मोकळा. खिडकी मोकळी. बाहेर कुठे काही नाही. बाळ —

सोळा दिवसांनी भूक लागली आहे. माझ्या पोटात.

कडी लावली. कपाट ढकललं, हललं नाही.

हात रिकामे ठेवायचे नाहीत. म्हणून लिहिते. उजवा पेनवर. डावा वहीवर, दाबून.

दार वाजतंय. लेक म्हणते, आई, उघड गं, बघ कोण आलंय. म्हटलं, घेऊन जा, आत्ता जा. ती हसली. म्हणते, पुरे आता आई, रुसवा किती धरशील?

हे म्हणतात, बाजूला हो, मी बघतो.

वास. दाराच्या फटीतून. दुधाचा. कोवळा.

कागद ओला. तोंडातून —

जप. जप होत नाही. दात —

इथल्या कड्या बाहेरून उघडतात. रोगी आत पडला तर म्हणून. मावशी किल्ली आणताहेत. मावशी, नका. मावशी, तुम्ही उचललंत ना बाईंना, तुम्हाला माहीत आहे, नका —

बाळ रडलं. एकदाच. बारीक.

किल्ली लागली.

उजवा पेनवर. डावा वहीवर. उजवा पेनवर. डावा

डावा कुठे